विटांवरचा पलंग

कैरोच्या शुब्रा भागातल्या त्या इमारतीत कुणाचा सोफा जिन्यात अडकला, किंवा कुणाला नव्या बाळाचा पाळणा कुठे ठेवायचा ते सुचेना, की इन्शिराहला बोलावणं यायचं. ती दारात उभी राहायची, कमरेवर हात ठेवून खोलीकडे रोखून बघायची आणि म्हणायची, "कपाट आडवं फिरवा. दार बाहेरच्या बाजूला उघडू दे. आणि ही खुर्ची कशाला हवी? तिच्यावर बसतंय कोण?" मग पाळणा बसायचा. शिवाय पाळण्याखाली कांद्याची टोपलीही बसायची.

ही कला तिला घरच्या गरजेने शिकवली होती. तिच्या दोन खोल्यांत तीन माणसं राहत आणि शिवाय एक अख्खा दुसरा संसार. हा संसार तिच्या एकुलत्या एका लेकीचा, रिहाबचा होता. रिहाब शाळेत जायला लागली त्याच वर्षी इन्शिराहने तिच्या लग्नासाठी पातेल्यांचा पहिला संच आणला. गल्लीतल्या सगळ्याच आया असं करत. पण इतरांची खोकी वाटेत यायची, इन्शिराहची कामाला यायची. फ्रिजच्या खोक्यावर मेणकापड टाकलं की जेवणाचं टेबल व्हायचं. वॉशिंग मशीनच्या खोक्यावर अभ्यास करून रिहाबने पदवी मिळवली. गोधड्यांच्या वळकट्या म्हणजे पाहुण्यांचे तक्के. सोनेरी काठाची चिनी मातीची भांडी मात्र पलंगाखाली. ती वाढत गेली, तशा पलंगाच्या पायांखालच्या विटाही वाढत गेल्या.

नवरा बयूमी बस चालवून निवृत्त झाला होता आणि ब्रेक दाबून दाबून त्याचे गुडघे कामातून गेले होते. रोज रात्री तो स्टुलावर चढायचा, तिथून कण्हत पलंगावर.

"इथून मला नाईल दिसते," तो वरून म्हणायचा.

"मग बघा की! लोक नदी दिसणाऱ्या घरासाठी केवढं भाडं भरतात."

"डॉक्टर म्हणाले, चढउतार बंद करा."

"अबू रिहाब," रिहाबचे बाबा म्हणून ती त्याला अशीच हाक मारायची, "पोरीचं सामान सासरी गेलं की त्याच दिवशी विटा काढू. शब्द देते."

हा शब्द बयूमीने पक्का धरून ठेवला होता. रिहाबचं लग्न ठरलं तेव्हा त्याने आधी जावयाला मिठी मारली आणि मग पलंगाकडे बघून डोळे पुसले.

लग्नाआधी सामान पोचवायचा दिवस उजाडला. ढोल वाजवत दोन पिकअप गाड्या गल्लीतून निघाल्या. सगळ्यांत वर काचेचं कपाट होतं. त्याला इथे नीश म्हणतात. त्यात नवरीची चिनी भांडी मांडतात, येणारे-जाणारे ती बघतात, आणि त्यांत जेवत मात्र कुणी नाही. दाराशी उभ्या बायकांनी जिभा नाचवत आनंदाचे चीत्कार केले. बयूमी गाडीबरोबर गेला नाही. "मला घरी काम आहे," एवढंच म्हणाला.

नवऱ्या मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि एक हॉल. त्याची आई, हजला जाऊन आलेली म्हणून सगळ्यांची हाज्जा, हाज्जा फव्कीया, खाली पहिल्या मजल्यावर राहायची. एवढं सामान वर चाललेलं बघून ती म्हणाली, "उम्म रिहाब, घर बघून आणलंय ना हे? की भिंती पाडायच्या?"

"हाज्जा, तुम्ही फक्त चहा टाका," इन्शिराह म्हणाली आणि बाह्या मागे सारून कामाला लागली.

दुपारपर्यंत सगळं बसलं. पातेल्यात पातेली, सुटकेसमध्ये पडदे, दारामागे इस्त्रीचं टेबल. नीश मुख्य दारासमोर, आत पाऊल टाकताच दिसेल असं. बघायला आलेल्या शेजारणी थक्क झाल्या. हाज्जासुद्धा गप्प झाली, आणि इन्शिराहला याहून मोठं बक्षीस नको होतं.

मग रिहाब आली. तिने सगळीकडे बघितलं, हसली, आणि मग हसायची थांबली.

"आई, बाल्कनी कुठेय?"

"नीशच्या मागे."

"मागे?"

"तिथेच आहे ना. कुठे जाणार ती?"

शेजारणी खुदकन हसल्या. रिहाब हसली नाही. आईला स्वयंपाकघरात नेऊन ती हळू आवाजात म्हणाली, "मी फ्रिजवर जेवले, मशीनवर अभ्यास केला. लहानपणापासून स्वतःच्याच लग्नाच्या सामानाला वळसे घालत चालले. आता लग्न झाल्यावरही तेच का? मला सकाळी बाल्कनीत चहा प्यायचाय, आई. बस एवढंच."

इन्शिराहच्या ओठांवर आलं होतं, की सगळ्या गल्लीदेखत वाजतगाजत आलेलं कपाट परत कसं न्यायचं? लोक म्हणतील, लग्न मोडलं. पण पोरीचा चेहरा बघून ते तोंडातच राहिलं. ती हॉलच्या दारात जाऊन उभी राहिली. कमरेवर हात ठेवले. बराच वेळ बघितलं.

"हाज्जा," ती शेवटी म्हणाली, "पाहुणे आधी कुणाकडे येणार? तुमच्याकडे. मोठा हॉल कुणाचा? तुमचा. सुनेचं नीश सासूच्या हॉलमध्ये शोभेल की इथे, तिसऱ्या मजल्यावर, जिथवर चढताना तुमच्या बहिणीला धाप लागते?"

हाज्जाने क्षणभर विचार केल्यासारखं दाखवलं. "मी मागितलं नव्हतं, बरं का."

"छे! मीच गळ घालतेय."

"पण त्यात भांडी माझी लावीन. माझी बिचारी कपाटाविना धूळ खातायत."

अशा रीतीने नीश दोन मजले उतरलं, बाल्कनीचं दार उघडलं, आणि चिनी भांड्यांची खोकी इन्शिराहच्या पायाशी उरली.

"मी रोजच्याला चार कप ठेवते," रिहाब म्हणाली. "बाकीचे तू ने."

घरी परतताना टॅक्सीत मांडीवर खोकी घेऊन बसलेल्या इन्शिराहच्या डोळ्यांपुढे एकच जागा येत होती. पलंगाखालची. तिथे ती बरोब्बर बसत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

तिने दार उघडलं. विटा भिंतीशी नीट रचून ठेवलेल्या होत्या. पलंग जमिनीलगत उतरला होता आणि त्यावर बयूमी बसला होता. काही करत नव्हता. दोन्ही पावलं फरशीवर टेकवून नुसता बसला होता.

त्याने खोकी पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं. मग मुकाट्याने एक वीट उचलायला वाकला.

"ठेवा ती खाली," इन्शिराह म्हणाली.

"मग यांना जागा कुठे करणार?"

"नाही जागा."

बयूमीने तिच्या कपाळाला हात लावून बघितला. एवढ्या वर्षांत हे शब्द तिच्या तोंडून त्याने पहिल्यांदाच ऐकले होते.

ती स्वयंपाकघरात गेली. फळीवरचे कान तुटलेले कप, टवके उडालेल्या बशा, मोहरीच्या बाटल्यांचे केलेले पेले, सगळं तिने एका पोत्यात भरलं. खोकी फोडली आणि सोनेरी काठ फळीवर ओळीने लावले. उरलेलं खालच्या शेजारणीच्या लेकीला, तिचंही लग्न ठरत होतं. मग चहा टाकला.

बयूमीने कप दोन्ही हातांत धरला, जणू त्यात पिल्लू होतं. "हा फुटला तर?"

"फुटू दे. तेवढीच जागा होईल."

तो हसला, एक घोट घेतला आणि खिडकीकडे मान वळवली.

"नाईल दिसत नाही इथून," तो म्हणाला.

"पाय हलवा जरा," इन्शिराह त्याच्याशेजारी बसत म्हणाली, "मला टेकू द्या."