म्हशीच्या घमेल्यातल्या करंज्या

माझ्या करंज्या म्हशीनं खाल्ल्या.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी ड्युटीला निघाले होते. माझ्या खोलीतून रस्त्याला यायचं तर मालकांच्या गोठ्यावरूनच यावं लागतं. वहिनी, म्हणजे घरमालकांची सून, आंबोणाचं घमेलं म्हशीपुढं सरकवत होती. भिजवलेली पेंड, भाकरीचे शिळे तुकडे आणि त्यावर माझ्या करंज्या. ओळखायला वेळ लागला नाही. मी कातण्याने कापत नाही, हाताने मुरड घालते. आईने शिकवलेली बारीक मुरड. गावात तशी दुसरं कोणी घालत नाही.

म्हैस पेंड बाजूला सारून आधी करंज्याच उचलत होती. वहिनीने मला पाहिलं आणि मान खाली घातली. ओसरीवर काकू शेंगा निवडत बसल्या होत्या. काकू म्हणजे घरमालकीण. त्यांनी मान खाली घातली नाही. रोज बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या, "म्हशीला बी सण असावा की, नर्सबाई."

मी हसले.

हे सांगताना आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण मी हसले. "हो ना काकू," म्हणाले आणि स्कूटी चालू केली. उपकेंद्रात जाऊन लहान लेकरांना लस दिली.

मी का हसले ते सांगते. त्यासाठी ती खोली सांगावी लागेल.

मी नर्स. देवळाली प्रवराच्या पुढं उसाच्या पट्ट्यात एक गाव आहे, तिथल्या उपकेंद्रावर कंत्राटी. माझं माहेर कोल्हारच्या अलीकडं. रोज ये-जा करता आली असती. पण नर्सने कामाच्या गावातच राहायचं असा नियम आहे. बाळंतीण काही वेळ सांगून अडत नाही, तेव्हा नियम बरोबरच आहे. राहायचं कुठं, एवढं मात्र नियमात नाही. उपकेंद्रामागचं क्वार्टर म्हणजे चार भिंती. छताचे पोपडे पडतात, संडासाला दार नाही. मग गावात खोली बघायची.

बघितली. पहिल्या घरी चहा झाला, खोली दाखवून झाली, मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. लगेच त्यांना आठवलं की पुण्याचा भाचा राहायला येणार आहे. दुसऱ्या घरी खोलीचं काम काढायचं निघालं. तिसऱ्या घरी तर बाई आडनावावर थांबलीच नाही. "म्हंजी तुमी नेमकं कोण?" मी म्हणाले, ख्रिस्ती. ती म्हणाली, "ते झालं. त्याच्या आदी?"

त्याच्या आधी. माझ्या पणजोबाने येशू धरला त्याला किती पिढ्या झाल्या. आमच्या घरी बायबल आहे, भिंतीवर क्रूस आहे, आजोबा शाळामास्तर होते. पण गावाला फक्त 'त्याच्या आधी' पाठ आहे. ते कोणी विसरत नाही.

मग काकू भेटल्या. मोठं बागायती घर. ऊस, दोन म्हशी, दारात ट्रॅक्टर. काकूंनी आडनाव ऐकलं, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्यात तसलं काय न्हाई बाई. माणूस माणसासारखा. फकस्त खोलीत वशाट शिजवायचं न्हाई. एवढं पाळ."

मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. वशाट नाही तर नाही. माळकऱ्यांचं घर असेल म्हटलं.

पहिल्याच रविवारी परसातल्या चुलीवर मटण चढलं. काळ्या मसाल्याचा वास माझ्या खिडकीतून आत आला. मी वरणाला फोडणी देत होते, ती हातातच राहिली. थोड्या वेळाने वहिनी वाटी घेऊन आली. मागून काकूंचा आवाज, "घे गं. तू तर खातच असशील."

मी खाल्लं. खोटं कशाला बोलू? वाटी पुसून खाल्ली. रस्सा फक्कड झाला होता. पण घास गिळता गिळता मनात यायला लागलं, की या घरात मटण चालतं. चालत नाही ते मी शिजवलेलं. मग मीच मला गप्प केलं. म्हटलं, देणारी वाटीभर देते आहे आणि आपण खुसपटं काढतोय. खोली मिळाली आहे, गप राहा.

वाटी घासली. आमच्या घरी दुसऱ्याची वाटी रिकामी परत देत नाहीत. आईची सक्त शिस्त. काही नसलं तर चिमूटभर साखर, पण रिकामी नाही. घरोघरी असंच असतं, काकूंच्या घरीही असणारच. मी शेंगदाण्याची चटणी कुटली होती, ती भरून दिली. काकू म्हणाल्या, "अगं कशाला त्रास घेती? रिकामीच देत जा." मला वाटलं, माया. पुढच्या वेळी मी मेथीची भाजी दिली, तेव्हाही तेच. एकदा काही केलेलं नव्हतं म्हणून साखर घालून दिली. ती मात्र वाटीतून थेट त्यांच्या डब्यात गेली, माझ्यासमोर. माहेरची लिंबं दिली, तीही घेतली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. माझी साखर चालते, माझी लिंबं चालतात. माझ्या पाण्याने, माझ्या आचेवर जे शिजलं ते चालत नाही. इतकं सरळ होतं. पण खोली जाईल या भीतीने मी सरळ बघतच नव्हते.

वाट्या येत राहिल्या. आणि मला गोड आवडत नाही. लहानपणापासून नाही. वाढदिवसाला आई मला शिरा करत नसे, भज्यांची आमटी करायची. काकूंच्या घरी मात्र आमटीतसुद्धा गूळ. सणाला पुरणपोळी, गुळवणी, खीर. सगळं वाटीने माझ्याकडं. परत द्यायची सोय नाही, टाकायची तर नाहीच, उकिरडा त्यांच्या ओसरीवरून दिसतो. मी दार लावून खायची. वर पाणी प्यायची आणि सकाळी सांगायची, "छान झालं होतं काकू." जिभेवर दुसऱ्याची चव आणि तोंडात दुसऱ्याचं कौतुक. माझं म्हणून तोंडात काही उरलं नव्हतं.

मला आवडते सुकट. तव्यावर कोरडी भाजायची, चोळून धुवायची, मग भरपूर कांदा, ठेचलेला लसूण, लाल तिखट. सोबत बाजरीची भाकरी. एवढं मिळालं की मला राज्य नको. आई आली की पिशवीच्या तळाशी पुडी आणायची. मी ती तीन पिशव्यांत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, कपड्यांखाली ठेवायची. चोरीचा माल ठेवावा तशी.

आणि वाट बघायची. वाऱ्याची. साखर कारखाना चालू झाला की मळीचा वास सुटतो. वारा कारखान्याकडून असला की तो आंबूस वास गावभर बसतो, त्याखाली दुसरा कुठलाच वास कळत नाही. माणसं नाकाला रुमाल लावून शिव्या देतात. मी एकटी खूश व्हायची. खिडकी लावायची, दाराच्या फटीला ओलं फडकं आणि मग तव्यावर मूठभर सुकट. उभ्याउभ्या खायची, घाईघाईने. कान दाराकडं. शिकलेली, नोकरीतली बाई मी. लोकांची बाळंतपणं करते. आणि मूठभर सुकटीसाठी वारा बघते.

आणि एक राहिलं. काकूंना बीपीचा त्रास. दर आठवड्याला त्या मला ओसरीवर बोलवायच्या. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधायची, मनगट धरून नाडी बघायची. मध्ये अशक्तपणा आला तेव्हा इंजेक्शनं दिली. पाठीवरून हात फिरवला. तो हात त्यांना चालायचा. "तुजा हात लई हलका गं," म्हणायच्या. सुई चालते, चटणी चालत नाही. त्याच हाताची.

तर नाताळ. त्या वर्षी लसीकरणामुळे मला घरी जाता येईना. म्हणून आईच इकडं आली, आणि आम्ही दोघींनी खोलीत करंज्या तळल्या. खोबरं, खसखस, वेलची. वशाट नाही की काही नाही. दिवाळीला काकूंच्या घरी असतात त्याच करंज्या. मनात कुठंतरी होतं, की सणाचं आहे, हे तर घेतील. आईने डबा भरला. नवा रुमाल बांधला. स्वतः घेऊन गेली. काकूंनी दोन्ही हातांनी घेतला, आईला बसा म्हणाल्या. आई परत आली तेव्हा तिचा चेहरा फुललेला. म्हणाली, "चांगली माणसं हायेत गं तुजी."

दुसऱ्या सकाळी आई पहिल्या एसटीने गेली. बरं झालं गेली. त्यानंतर मी गोठ्यावरून निघाले.

एकट्या माझ्या हातच्या असत्या तर मी आणखी एकदा गिळलं असतं, हे मला माहीत आहे. पण त्या आईने वळल्या होत्या. तिच्या बोटांना संधिवात आहे. मुरड घालताना ती मध्येमध्ये बोटं झटकत होती.

दिवसभर मी काम केलं. संध्याकाळी वहिनी डबा परत घेऊन आली. रिकामा, घासलेला. दारातच थांबून हळूच म्हणाली, "ताई, मी एक खाल्ली. लई चांगली झालती." तिला वाटलं, मला बरं वाटेल. मला उलट भडभडून आलं, रागाने. मी म्हणाले, "कुठं खाल्ली?" ती म्हणाली, "गोठ्यात." मी म्हणाले, "म्हणजे म्हशीशेजारीच." तिचाही नाइलाज होता, मला कळतं. पण गोठ्यात चोरून खाल्लेल्या करंजीचा मला काय उपयोग?

पुढच्या रविवारी परसात चूल पेटली. वाटी आली. नेहमीचीच, कडेला पोचा आलेली. मी वहिनीकडून ती घेतली नाही. वहिनीला तशीच सोबत घेऊन ओसरीवर गेले. काकू होत्या, पलीकडं तात्या, त्यांचे मालक, पेपर वाचत होते.

"काकू, वाटी नको," मी म्हणाले.

"का गं? उपास हाय का?"

"नाही. आमच्या घरी वाटी रिकामी परत देत नाहीत. आणि भरलेली तुम्ही म्हशीला घालता. तेव्हा आजपासून वाटीच नको."

तात्यांचा पेपर खाली झाला. काकू हसल्या. "येवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घेती?"

"येवढीशीच आहे, तर आत्ता मी चटणी आणते. माझ्यासमोर एक घास खा."

काकू हसायच्या थांबल्या.

मी खोलीत गेले. पेटी उघडली, पुडी काढली. खिडकी सताड उघडली. वारा त्या दिवशी उलटा होता, माझ्याकडून त्यांच्या ओसरीकडं. मी तवा ठेवला आणि सुकट भाजली. मूठभर नाही, सगळी. पाट घेऊन खाली बसले, ताटात भाकरी घेतली. पहिला घास तोंडात गेला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने म्हणा हवं तर.

काकू दारात आल्या. आत पाऊल न टाकता.

"नर्सबाई, आपलं काय ठरलं हुतं?"

"वशाट शिजवायचं नाही. तुमच्या परसात आत्ता काय शिजतंय?"

"आमचं येगळं."

"काय वेगळं? सांगा ना."

काकूंनी पदर नाकाला लावला.

"न्हाई जमायचं मग. खोली बघ दुसरी."

"बघते. तुम्ही कारण सांगा. वासाचं नाही, खरं कारण. तात्यांसमोर सांगा. मी गावात विचारणाऱ्याला तेच सांगेन."

त्या वळून गेल्या. कारण त्यांनी अजून सांगितलेलं नाही. मी अजून त्याच खोलीत आहे. पाणी कधी बंद होतं, अंगणातला दिवा माझ्याच वेळी जातो. बोलणं बंद आहे. गोठ्यावरून जाते तेव्हा पाठीत नजरा रुततात. सुटले असं नाही म्हणणार. खोली तीच, गाव तेच, आडनाव तेच. उद्या काढलं तर कुठं जाणार, मला ठाऊक नाही. पण न बोलता मला काढता येणार नाही. तोंड उघडावं लागेल, आणि जे पिढ्यान्‌पिढ्या पोटात ठेवलंय ते उजेडात म्हणावं लागेल. त्याशिवाय मी हलणार नाही.

काकूंचं बीपी मी आजही बघते. ते माझं काम आहे. पण ओसरीवर नाही. उपकेंद्रात, सकाळी, सगळ्यांबरोबर रांगेत बसून.

नाताळ परत जवळ आलाय. आई येणार आहे. गोठ्यातलं, ओसरीवरचं, सगळं मी तिला सांगितलंय. ती म्हणाली, खोबरं जास्त आण. करंज्या याच खोलीत तळणार, दार उघडं ठेवून. परात दारात मांडणार. ज्याला खायची त्याने माझ्या उंबऱ्यापाशी उभं राहून, चारचौघांदेखत खावी. वहिनीनेही. चोरून कोणाला देणार नाही. कोणी आलंच नाही तर आम्ही दोघी खाऊ, मला गोड आवडत नसलं तरी. म्हशीला यंदा एकही मिळणार नाही.