गॅलरीतली तार

पुराच्या पाण्यानं वाट अडली तेव्हा कुरुंदवाडची माझी धाकटी बहीण कुठं आहे तेच कळेना. तिकडं ना वीज, ना मोबाइल. मी कोल्हापुरात दवाखान्यात नर्स. ड्यूटी टाकून जाताही येत नव्हतं. शेवटी निरोप आला तो पूरग्रस्तांच्या छावणीत वायरलेस सेट घेऊन बसलेल्या एका माणसाकडून. ती शाळेत होती, सुखरूप होती. तो माणूस सरकारी नव्हता. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा आणि हौसेनं हॅम रेडिओ, म्हणजे लायसन काढून स्वतःचा वायरलेस, चालवायचा.

पाणी ओसरल्यावर मी त्याला भेटले. मलाही शिकायचंय म्हटल्यावर तो हसला नाही. परीक्षा असते, मग पोलिस चौकशी, मग लायसन, असं सगळं त्यानं नीट सांगितलं. वर म्हणाला, "ताई, पैसं जमतील वो. आधी घरात इचारा."

घरात मी नुसतं सांगितलं, विचारलं नाही.

ड्यूटीवरून आले की पाय सुजलेले असायचे. तशीच टेबलाशी बसून विजेचे नियम पाठ करायची आणि पुस्तकावरच डोकं टेकायची. दुसऱ्या खेपेला पास झाले. लायसन यायला त्याहून जास्त वेळ गेला. हातात मावणारा सेट काही हजारांत आला, पण तो गावाबाहेर कुठला पोचायला! लांब बोलायचा सेट नवा घ्यायचा तर लाखाच्या वर. दिवाळीच्या पाटल्यांसाठी साठवलेले पैसे घालून जुना घेतला.

आता अँटेनाची तार गच्चीवर बांधायची राहिली होती. सोसायटीच्या बैठकीत समोरच्या फ्लॅटमधले काका उठले. त्यांच्या बायकोची केमोथेरपी चालू होती, आमच्याच दवाखान्यात. ते म्हणाले, "टॉवर न्हाई बसवायचा. आधीच एक आजारी हाय घरात."

हा टॉवर नाही, साधी तार आहे, एवढंच मी म्हणाले. पुढचं सगळं मला समजावता आलं असतं. पण त्यांच्या हातात औषधांची पिशवी होती. मी खाली बसले.

तार गॅलरीत वाकवून लावली. तिथून आवाज धड पोचत नाही. किती संध्याकाळी नुसती खरखर ऐकली. एकदा गगनबावड्याच्या एका निवृत्त मास्तरांनी उत्तर दिलं. त्यांच्याकडं पाऊस कोसळत होता, गुडघा दुखत होता. अर्धं ऐकू आलं, अर्धं मी अंदाजानं जुळवलं. त्यांना गुडघ्याची गोळी डॉक्टरांकडून बदलून घ्यायला सांगितलं.

सेट बंद करून आत आले तर नवरा एकटाच जेवून ताट विसळत होता.

"मास्तरचा गुडघा इचारलास," तो म्हणाला. "माझी पाठ आठवडा झाला धरलीया."

मलम आणून त्याच्या पाठीला चोळलं. चोळता चोळता मलाच झोप यायला लागली.

हल्ली सेट रविवारीच लावते. बहिणीला वाटतं, ताई रोज साऱ्या जगाशी बोलते. पावसाळ्यात छावणीवर बोलावलं तर जाते, ड्यूटी संपवून, डबा घेऊन. कुणाचं इन्शुलिन संपलंय, कुणाची म्हातारी कुठल्या शाळेत आहे, असले निरोप पुढं देते. काका अजून जिन्यात भेटतात. मी बायकोची तब्येत विचारते, ते सांगतात.