एका गाडीतली नावे

१२ सप्टेंबर, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. जामजवळच्या एका जिनिंग कारखान्याच्या कचेरीत मी माझ्या प्रकल्पाचे वेळापत्रक टेबलावर पसरले होते. फाटकावर गाड्यांची नोंद करणाऱ्या गृहस्थांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, ‘गाडी-नोंद : पूर्ण’ या ओळीवर बोट टेकवले आणि विचारले, “कोनं पाह्यलं?”

चाचणी झाली आहे, असे मी सांगितले.

“झाली असन. चालताना कोनं पाह्यलं?”

कारखान्यात सगळे त्यांना काकाजी म्हणत. त्यांची जाड नोंदवही बंद करून तिच्या जागी संगणक प्रणाली आणायची, हे माझे काम होते. कापसाची गाडी आली की टोकन द्यायचे, मग वजन, मग माल उतरवणे, आणि हे सर्व शेतकऱ्याच्या नावावर नोंदवायचे. प्रमुख म्हणून माझे नाव असलेला हा पहिला प्रकल्प. तारीख पाळली तर पुढचा टप्पाही माझाच, असे आमच्या कंपनीच्या नागपूरच्या व्यवस्थापकांनी सांगितले होते. तारीख चुकली तर काय, हे त्यांनी सांगितले नव्हते. पण मला ते कळले होते.

वेळापत्रकातले रंगीत पट्टे काकाजींनी निरखून पाहिले. “पट्टे झकास हायेत. याच्यातला कोनता पट्टा कापूस वेचते?”

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील. त्यांचा प्रश्न ऐकताच राग येतो, आणि उत्तर शोधायला बसावे तेव्हा तो राग कुठे ठेवावा ते कळत नाही. मी सांख्यिकी शिकलेली. नमुना कसा घ्यावा हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही, असे मी समजत होते. गेल्या हंगामातल्या सर्वाधिक गर्दीच्या महिन्याची नोंदवही मी त्यांच्याकडून मागून घेतली होती. तो महिना जानेवारीचा होता. दर गाडीला एक नाव, भरल्या गाडीचे एक वजन, रिकाम्या गाडीचे एक. मी प्रणाली तशीच बांधली.

ऑक्टोबरअखेर खरेदी सुरू झाली. प्रणाली चालू व्हायला आठ दिवस उरले होते आणि नोंद अजून कागदावरच होत होती. काकाजी म्हणाले, “उद्या सकाळी फाटकावर येजो. खुर्ची मी देतो. तू फकस्त मोज.”

दुपारपर्यंत मी एकेचाळीस गाड्या मोजल्या. त्यांतल्या एकोणीस गाड्यांत एकाहून अधिक जणांचा कापूस होता. एकाचा ढीग, त्यावर जुने लुगडे, त्यावर दुसऱ्याचा ढीग. वरचा उतरवायचा, गाडी पुन्हा वजनकाट्यावर घ्यायची, मग खालचा. काकाजी एकाच गाडीसमोर दोन-तीन नावे लिहीत आणि वजाबाकी करत. माझ्या प्रणालीत तो सगळा कापूस, ज्याचे नाव आधी टंकले गेले, त्याच्या एकट्याच्या खात्यात गेला असता.

वडनेरहून आलेल्या एका शेतकऱ्याला मी कारण विचारले. तो हसला. “पयला वेचा हाये मॅडम. एकट्याच्या कापसानं गाडी भरते काय?”

“मग जानेवारीत?”

“तवा ज्याची त्याची गाडी.”

मी तडक काकाजींकडे गेले. “जानेवारीची वही देताना हे सांगितलं का नाही तुम्ही?”

“तू मांगितली, म्या देल्ली. मले काय मालूम तू कायले मांगून राह्यली ते.”

मी मोजणीचा कागद घेऊन कचेरीत परतले.

मी बारा दिवसांची मुदत मागितली. बैठकीत, कारखान्याच्या मालकांसमोरच, व्यवस्थापकांनी आवाज न चढवता सांगितले, “तारीख मालकांना दिलेली आहे. तुला जमत नसेल तर पुढचं दुसऱ्या कोणाकडे सोपवू.” मी आकडे मांडू लागले. एकोणीस भागिले एकेचाळीस. ते ऐकत होते, पण पाहत होते मोबाइलकडे.

काकाजींना बैठकीचे बोलावणे नव्हते. ते नोंदवही काखेत धरून दाराशी आले. “साहेब, मुदत इनं नाई मांगितली, म्या मांगितली. मले ते पडद्यावरचं लवकर जमून नाई राह्यलं. येळ लागन.”

पडद्यावरची प्रत्येक पायरी ते दोन दिवसांत शिकले होते. माझ्या चाचणीतल्या तीन चुकाही त्यांनीच पकडल्या होत्या. आणि आता मालकांसमोर, ज्यांच्याकडे त्यांनी इतकी वर्षे काम केले त्यांच्यासमोर, ते आपण मंद आहोत असे सांगत होते. मालकांनी मान डोलावली. मुदत मिळाली.

बाहेर आल्यावर मी म्हटले, “काकाजी, तुम्ही खोटं बोललात.”

“खोटं काऊन? मी म्हातारा हाव का नाई?” मग चालता चालता, “बारा दिस हायेत. आता इथं उभी राहू नोको.”

मी प्रणालीच्या मुळातच बदल केला. गाडीऐवजी ढीग हा नोंदीचा आधार झाला. पडद्यावरचा पहिला प्रश्न असा : गाडीत कापूस किती जणांचा? उत्तराशिवाय पुढची पायरी उघडत नसे, आणि उत्तर गाडीवरच्या माणसांना विचारूनच भरायचे, असा नियम केला. त्यानंतर आठ दिवस नोंदवही आणि संगणक दोन्ही चालले : वही काकाजी लिहीत, संगणकावर काट्यावरचा माणूस नोंद करी. रोज संध्याकाळी काकाजी वहीतल्या ओळी वाचत, मी पडद्यावर ताडून पाहत असे आणि दोहोंतला फरक माझ्या वहीत लिहीत असे. पहिल्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी चार. चूक दर वेळी संगणकाचीच निघे, आणि त्याबद्दल त्यांनी मला एकदाही टोमणा मारला नाही.

ते महिनाअखेर निवृत्त होत आहेत, हे मला सातव्या दिवशी कळले, तेही काट्यावरच्या माणसाकडून.

पुढचा टप्पा माझ्याकडेच राहिला. आता काकाजी आष्टीकडे आपल्या शेतावर असतात आणि फाटकावर दुसरे गृहस्थ बसतात. नव्या कामाचे वेळापत्रक आखताना मी आधी जागेवर जाऊन बसते, तेही हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटाला, दोन्ही वेळा. हे मला ज्या शिक्षकाने शिकवले त्याचे आभार मी त्या वेळी नीट मानले नाहीत; म्हणून हे लिहिणे.

त्या पडताळणीच्या आठव्या दिवशी संध्याकाळी एका गाडीवर आम्ही अडलो होतो. वहीत तीन नावे होती, संगणकात चार. मी सवयीने पडद्याकडे संशयाने पाहिले. काकाजींनी पावत्या काढायला लावल्या. चौथी पावती वडनेरच्या एका बाईंची निघाली. दोन बोऱ्यांचा कापूस, चालकामागे ताडपत्रीखाली ठेवलेला. काकाजींनी दोन लुगडी पाहून तीन ढीग धरले होते. पडद्याने विचारले, म्हणून बाईंनी नाव सांगितले होते.

त्यांनी ती पावती दोनदा वाचली. मग वहीतल्या तीनवर आडवी रेघ मारली, चार लिहिले, शेजारी सही केली आणि वही मिटून माझ्याकडे सरकवली.

“लिव्ह,” ते म्हणाले. “चूक वहीची.”

मी माझ्या वहीत तारीख लिहिली, गाड्यांची संख्या लिहिली, आणि फरकाच्या रकान्यात : १.