चावडीवरची नाताळची दवंडी

"हे मामूल आहे का?" तहसीलदारसाहेबांनी दरख्वास्त माझ्यापुढे सरकवली. "नसेल तर नामंजूर. जाऊन बघून या."

मी तेव्हा हुमनाबाद तहसिलीत गिर्दावर होतो. गिर्दावर म्हणजे काही गावांच्या पटवाऱ्यांवर देखरेख ठेवणारा माणूस. हैदराबाद संस्थानावरची पोलीस ॲक्शन होऊन गेली होती, संविधानही आलं होतं, पण कचेरीचे शब्द निजामाचेच होते. त्यातला सगळ्यात जड शब्द मामूल, म्हणजे पूर्वापार चालत आलेली रीत. जी मिरवणूक आधीपासून निघते ती निघेल. जी निघत नव्हती, तिला कचेरी सहसा परवानगी देत नसे. दंगे टाळण्यासाठी हा नियम आहे, असं सांगत. माझ्या मते ज्यांच्याकडे रस्ता आधीपासून होता, त्यांच्याकडेच तो ठेवण्याची ही सोय होती.

दरख्वास्त दुबलगुंडीकडच्या एका गावातली होती. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच नांदतात. गावकुसाबाहेर ख्रिस्ती लोकांची वस्ती होती. नाताळात हलगी वाजवत, गाणी म्हणत त्यांना वेशीतून आत, चावडीपर्यंत यायचं होतं. आजवर हा सण वस्तीतच होई. मालीपाटलांची, म्हणजे गावच्या वसुली पाटलांची, हरकत होती.

मी आधी वस्तीत गेलो. अर्जदार येशप्पा गावची दवंडी देणारा म्हातारा. अंगणात बसून कामट्यांचा तारा बांधत होता. त्याची बायको रूतक्का चुलीवर तुरीच्या शेंगा उकडत होती.

"कधीपासून फिरता?" मी विचारलं.

"वस्तीत व्हय, बापाच्या काळापासून. गावात न्हाई."

"मग आताच गावात कशाला?"

उत्तर रूतक्कानं दिलं. "सायेब, लेकरू जन्मल्याची खबर पहिल्यांदा कुणाला दिली? राजाला न्हाई. पुजाऱ्याला न्हाई. रानात मेंढरं राखणाऱ्यांला. ते जाऊन बघून आले आन् भेटंल त्याला सांगत सुटले. म्हनून आमी दारोदार जाताव. आता आमीच सांगायलाव, आमीच ऐकायलाव. ही काय खबर झाली?"

"आणि डिसेंबरचाच दिवस कशावरून?"

"आमचे पाळक, पाद्री म्हना, म्हंतेत, पुस्तकात दिवस लिवलेलाच न्हाई. मागनं लोकांनी ठरवला. रात मोठी असती तवाचा."

येशप्पा गालात हसला. "मंजी त्यांचं बी मामूल नव्हतं, सायेब."

मला हसू आलं नाही. मी 'नाही' लिहिलं, तर ते फाईलमध्ये कायमचं बसणार होतं. पुढचा प्रत्येक गिर्दावर तोच कागद दाखवून या लोकांना वेशीवरून परतवणार होता. येशप्पालाही ते ठाऊक होतं. निघताना म्हणाला, "न्हाई लिवायचं असंल तर लिवूच नका. अर्ज माघारी घेतो मी."

पाटील चावडीत होते.

"सण करू द्या की," ते म्हणाले. "कोन नको म्हनलाय? आपल्या वस्तीत करावं. हलगी बडवत गावातनं यायची रीत न्हाई."

"या रस्त्यानं हलगी कधी वाजलीच नाही?"

"असं कसं? दवंडी असती की. वसुलीची, बाजाराची. येशप्पाच देतो. त्याचा बाप बी द्यायचा."

"वेशीतून?"

"वेशीतनं चावडीपत्तोर. समद्यांना ऐकू जाया नको का?"

"तुमच्या आजोबांच्या काळापासून?"

"त्याच्या बी आधीपासून!"

मी जबाब लिहून घेतला आणि वाचून दाखवला. सही करताना पाटील थबकले. "ह्याचा नाताळाशी काय संबंध?"

"रस्त्याची चौकशी आहे, पाटील."

तहसीलदारांनी जबाब वाचला. "दवंडी सरकारी कामाची असते. हे धर्माचं काम."

"साहेब, माणसं तीच, हलगी तीच, रस्ता तोच. कोणती बातमी द्यायची, ते मामुलात कुठं लिहिलंय? आणि हा सण म्हणजे बातमीच आहे."

"गिर्दावरसाहब, वकील क्यों नहीं बने?"

"संविधान वाचलंय, साहेब."

"मीही वाचलंय. म्हणून सही करतोय, तुमच्या दवंडीमुळे नाही. दिवेलागणीच्या आत आटपा. काही झालं तर जवाबदारी तुमची."

रात्रीची खबर दिवसाउजेडी द्यायची, म्हणून रूतक्का कुरकुरली. पण नाताळच्या दिवशी ऊन उतरताना सगळी वस्ती निघाली. जबाबदारी माझी, म्हणून मीही बरोबर होतो. पुढं काठीवर तारा, मागं बायकांची गाणी. वेशीत शिपाई उभा होता. त्यानं वाट दिली. गल्लीतली बरीच दारं आमच्या पुढं पुढं लागत गेली. काही अर्धीच लागली.

चावडीच्या ओट्यावर पाटील चार माणसं घेऊन बसले होते. येशप्पा समोर थांबला. हलगीवर थाप पडली.

"ऐका हो ऐका! बेथलेहेमात, गोठ्यात, गव्हाणीत लेकरू जन्मलंय हो! समद्यांसाठी जन्मलंय! हुकूम मालीपाटलांचा हो!"

दवंडीच्या शेवटी हुकूम कुणाचा ते सांगावं लागतं. जन्मभर येशप्पानं तेच सांगितलं होतं. जीभ आपोआप तिथं गेली.

ओट्यावर एकच हशा पिकला. "बघा!" पाटील मांडीवर थाप मारून म्हणाले. "देव बी माज्याच हुकमानं जन्मला!"

येशप्पाचा हात खाली आला. त्याच्याकडं बघवेना. मागची गाणी थांबली. लोक परत फिरतील असं मला वाटलं, आणि मला करण्यासारखं काहीच नव्हतं. परवानगीत माणसाची जीभ मोकळी करण्याचं कलम नसतं.

रूतक्का पुढं आली. "खाली कामून बघायलास? पुन्ना सांग."

त्यानं हलगी उचलली. तीच खबर, सुरुवातीपासून, सावकाश सांगितली. शेवटाशी येऊन तो थांबला. ओट्यावरची माणसंही हुकमाची वाट बघू लागली.

"हुकूम कुनाचा न्हाई," येशप्पा म्हणाला. "निस्ती खबर हाय."

मग गाणं पुन्हा सुरू झालं आणि वस्ती आल्या रस्त्यानं परत गेली. अर्धी लागलेली दारं तशीच अर्धी होती.

पाटलांनी वर तक्रार केली. माझी बदली चिंचोळीला झाली. पुढच्या वर्षी माझ्या जागेवर आलेला गिर्दावर भेटला तेव्हा म्हणाला, त्या गावचा अर्ज आला होता, चौकशीची गरजच पडली नाही. फाईल उघडली, त्यात नाताळची मिरवणूक मामूल होती.

एकदा चाललं की रीत होते. अडवणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून ते पहिल्याच दिवशी अडवतात.