सोयाबीनचं दूध वर येतं तेव्हा

गोठ्यात दुभती म्हैस आणि घरातल्या पोरीला दुधाची ॲलर्जी. कळंबला माझ्या सासरी नशिबानं याहून मोठी थट्टा केली नसती. लेक तेव्हा दीड वर्षाची होती. दूध पोटात गेलं की अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे. खोपोलीच्या डॉक्टरांनी दूध बंद केलं आणि म्हणाले, "सोयाबीनचं दूध देऊन बघा. पण काही मुलांना तेही सोसत नाही." पोर वाळत चालली होती, आणि मला ते शेवटचं वाक्य दिवसभर ऐकू यायचं.

आमच्याकडे भाताचं रान, भातानंतर वाल. सोयाबीन म्हणजे वाण्याकडच्या वड्या, नाहीतर म्हशीची पेंड. सासूबाई कडाडल्याच, "गुरांचं खाणं हाय ते! पोरीला घालायचं?"

पण नातीसाठी दुसऱ्याच दिवशी त्यांनी वाण्याकडून दाणे मागवून भिजत घातले. वालाचं बिरडं सोलण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नाही, त्यामुळे सालं भराभर निघाली. मिक्सरमधून काढून पंच्यातून गाळलं, चोथा म्हशीपुढे टाकला. पातेलं गॅसवर चढलं आणि बघता बघता दूध काठाला आलं. सासूबाईंनी गॅस बंद केला. उभा जन्म दूध तापवण्यात गेलेला, कधी थेंब उतू घालवला नाही.

लेक अर्धा कप प्यायली. तासाभरात तीन उलट्या झाल्या. म्हणजे हेही सोसत नाही! मी सासूबाईंना नको ते बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्या गोठ्यात जाऊन बसल्या.

दुपारी पोर निजली, सासूबाई घरात आल्या, तेव्हा माझी धाकटी जाऊ जवळ आली. ही लातूरकडची, लग्न होऊन चार महिने झालेले, सोयाबीनच्या शेतात वाढलेली. तिनं सासूबाईंना हळूच विचारलं, "आत्याबाई, किती वेळ उकळलं?"

"वर आलं नि उतरवलं. दूध तापवायला मला शिकवतेस काय गं?"

"वर आला त्यो नुसता फेस ओ. खाली कच्चंच असतंय. आमच्या बचत गटात फेस काढून पंधरा मिनटं रटरट उकळू द्यायचो. कच्चं गेलं तर मोठ्या माणसाला बी उलटी होती."

"मग सकाळी तोंडात काय धरलं होतंस?" मी तिच्यावरही घसरले.

"मला कुणी इचारलंच न्हाई, ताई."

चार महिने आम्ही तिला फक्त सांगत होतो, भात असा, माशाचं कालवण असं.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, नीट उकळून आणा, माझ्यासमोर देऊ. दुसऱ्या दिवशी जावेनं दूध उकळलं, सासूबाई शेजारी हाताची घडी घालून उभ्या. थर्मास घेऊन आम्ही तिघी खोपोलीला गेलो. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, माझी तर चमचा धरायची हिंमत होईना. सासूबाईंनीच पहिला चमचा भरवला. मग बाकावर बसून वाट पाहिली. मी पोरीचे ओठ बघत होते, सासूबाई सारखं तिचं झबलं वर करून पोट बघत होत्या. दुसरा चमचा झाला, तिसरा झाला. तास गेला, दुसराही गेला. एक गांध उठली नाही. पोर थर्मासकडे हात करून रडायला लागली, तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, "घरी जा आता." रिक्षात मी हुंदके देऊन रडले. इतकं हलकं मला बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं.

यंदा सासूबाईंनी भाताच्या बांधावर सोयाबीन टोकलंय. म्हशीचं दूध त्या अजूनही कुणाला न विचारता उतरवतात. सोयाबीनचं पातेलं चढलं की मात्र स्वयंपाकघरातून हाक येते, "धाकटे, ये गं जरा. बघ, झालं काय?"