पोलंडची खोकी, आप्पांचे नेचे

मुंबईच्या विमानतळावर, आत सोडतात त्या दारापाशी, आप्पांनी माझी बॅग उघडली. आईनं कोंबलेल्या मेतकुटाच्या दोन पुड्यांपैकी एक काढून तिच्या हातात परत दिली आणि त्या जागी पुठ्ठ्यात दाबून वाळवलेला एक नेचा ठेवला. आई भडकलीच. "पोरगी परक्या मुलखात चाललीय आणि तुम्ही पालापाचोळा काय भरताय?" आप्पा शांतपणे म्हणाले, "पालापाचोळा नाही तो. मिरज रस्त्याच्या विहिरीतला आहे." रडारडीच्या वेळी आमच्याकडे भांडण झालं, त्यामुळे नीट निरोप असा कोणी घेतलाच नाही. शिकागोला उतरल्यावर कस्टमच्या माणसानं पुठ्ठा उघडला, "प्लांट मटेरियल" म्हणाला आणि कचऱ्यात टाकून मोकळा झाला. बाहेर समीर, माझा नवरा, फुलं घेऊन उभा होता. त्याला मी पहिलं वाक्य बोलले ते हे, की "तुझ्या देशानं आप्पांचा नेचा फेकला." माझाही पासपोर्ट बदलून वर्षं झाली तरी भांडणात तो देश अजून त्याचाच असतो.

आप्पा सांगलीजवळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. जुन्या दगडी विहिरींच्या आतल्या भिंतींवर, ओल्या सांध्यांमधून जे नेचे, म्हणजे फर्न, उगवतात, तो त्यांचा विषय. लोकांचे वडील पोरांना बागेत नेत, आमचे विहिरीत. पायऱ्या नसल्या तर कमरेला दोर बांधून उतरायचे, वर दोर धरून मी आणि मिलिंद, माझा धाकटा भाऊ. वर आले की शर्ट चिखलानं भरलेला आणि चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा. "मराठीत सांगता आलं नाही, तर समजायचं आपल्यालाच कळलेलं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं. मराठीत. आकृत्यासुद्धा स्वतःच काढलेल्या.

इकडे मी नेपरव्हिलमध्ये डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे कायद्यानं बिनकामाची. बाहेर गुडघाभर बर्फ आणि शेजारी हालिना नावाची पोलिश बाई. लुब्लिनची निवृत्त नर्स, मुलानं इकडे आणलेली. तिचं इंग्लिश माझ्या तेव्हाच्या इंग्लिशइतकंच दिव्य. दोघी घरात कोंडलेल्या, मग काय करणार? मी तिला आमटी शिकवली, तिनं मला पोलिश. समीर डोक्याला हात लावायचा, "यार, काहीतरी यूजफुल शीक, जावा शीक." पुढं वर्क परमिट आलं, मी कॉलेजात रीतसर पोलिशचे क्लास केले आणि शिकागोतल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत लागले. पोलंडहून येणारी खोकी उघडायची, पुस्तकांची नोंद करायची, ती शेल्फकडे रवाना करायची. जावा शिकलेले सगळे मधल्या काळात एकदा तरी लेऑफ झाले, मी अजून आहे.

तर ही खोकी. पोलंडमधल्या विद्यापीठांनी काढलेली नवी विद्वत्तेची पुस्तकं असतात त्यात. मोठ्या शहरांतली असतात आणि ज्यांची नावं तुम्ही कधी ऐकली नसतील अशा गावांतलीही. एकाच खोक्यात जुन्या पाणचक्क्यांच्या हक्कांचा कायदा, वीटभट्टीतल्या उष्णतेचं गणित, मधमाश्या पाळणाऱ्यांची बोली, दलदलीची माती, वैद्यकातलं तत्त्वज्ञान. एक तर चक्क एका मठाच्या भिंतीवरच्या शेवाळावर होतं, चांगलं जाडजूड. सगळं पोलिशमध्ये. शेवटी दोनेक पानं इंग्रजी सारांश, पाहुण्याला दारात पाणी द्यावं तसा. आणि सुरुवातीच्या पानावर, प्रकाशकाच्या पत्त्याजवळ, ज्यांनी ते पुस्तक छापण्याआधी वाचून तपासलं त्या परीक्षकांची नावं. बहुतेक वेळा दोन. नावानिशी, बिरुदांसकट.

ती नावं पाहिली की माझं डोकं फिरतं. मठाच्या भिंतीवरचं शेवाळ! त्यावर पोलिशमध्ये लिहिणारा एक माणूस आहे, आणि त्याच्या चुका पोलिशमध्ये काढू शकणारे आणखी दोघं आहेत. आपण संख्येनं त्यांच्याहून कितीतरी जास्त. आपल्याकडे काय आहे? मराठी भाषा दिनाचे फॉरवर्ड आहेत.

आप्पांना मी व्हिडिओवर हे पान दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, फोन नाकाला लावला. "नाव छापतात? म्हणजे पुस्तक चुकलं तर त्यांचीही लाज जाते?" मी म्हटलं, "जाते." "मग मला असे दोघं हवेत, पोरी. कौतुक करणारे नकोत, चुका काढणारे. ते मिळेपर्यंत पुस्तक छापायचं नाही." मिलिंद मागून ओरडला, "ताई, कशाला भरवतेस त्यांना? ऐंशीला आलेत ते!" पण आप्पांनी ठरवलं म्हणजे ठरवलं. त्यांना इंग्रजी सारांशाचीही कल्पना आवडली. आठवड्याभरात त्यांनी लिहून पाठवला.

मग सुरू झाला आमचा शोध. आप्पांचा लाडका विद्यार्थी, आज पुण्यात मोठा विभागप्रमुख, फोनवर गहिवरून म्हणाला, "सर, तुमच्यामुळेच मी आहे. पण मराठी परिभाषा आता झेपत नाही हो. इंग्रजीत द्या, लगेच वाचतो." मराठीच्या एका प्राध्यापकांनी खरंच वाचलं आणि कळवलं, भाषा सुंदर आहे, विषयातलं मला काही कळत नाही. ज्यांना दोन्ही कळत होतं असे आप्पांच्या जोडीचे देशपांडे सर, त्यांना दिसायचं बंद झालं होतं. ते म्हणाले, कोणी वाचून दाखवलं तर मी सांगेन. त्यांचा मुलगा इकडे अमेरिकेत हर्नडनला, सून इथल्याच ईडन प्रेरीच्या क्लायंटकडे खेपा घालणारी, घरी फक्त एक केअरटेकर. कोण वाचून दाखवणार? मी फोनवरून वाचून दाखवू लागले. दुसऱ्या प्रकरणात सर गेले.

इथल्या आपल्या लोकांचंही सांगते, म्हणजे तिकडच्यांना वाटायला नको की इकडे ज्ञानाचे दिवे लागलेत. गणपतीच्या जेवणात पाटणकर काका भेटले. शेतकी कॉलेजात शिकलेले, बियाण्यांच्या कंपनीत जन्म काढलेला. म्हटलं, हा माणूस नक्की वाचेल. "मराठीत? वा, ग्रेट! पीडीएफ पाठव ना." पाठवली. पुढच्या गणपतीला विचारलं तर म्हणाले, "बिझी होतो गं. एआयकडून समरी काढून घेतली. सुपर्ब काम आहे." मी म्हटलं, "काका, तिसऱ्या प्रकरणात आप्पांनी स्वतःच एक शंका काढलीय, त्यावर तुमचं मत?" काका श्रीखंड वाढून घ्यायला उठले ते परत त्या टेबलावर आले नाहीत.

रागानं मी हे हालिनाला सांगितलं. ती माझ्याकडे कीव करून बघत म्हणाली, "तुला वाटतं आमचे फार शहाणे आहेत? आमच्या प्रोफेसरांनाही आता इंग्लिशमध्ये छापलं की जास्त पॉइंट्स मिळतात." खोटं नाही ते. हल्ली खोक्यांत इंग्रजी पुस्तकं दिसायला लागलीत, सारांशाला उरलंय काय. पण तरी त्यांचं अजून चाललंय. आपलं सुरू होण्याआधीच लोकांनी हात झटकले.

माझी लेक इरा इथंच जन्मली. आप्पा तिच्याशी हट्टानं मराठीत बोलायचे, ती इंग्लिशमध्ये उत्तरं द्यायची, आणि दोघांचं मजेत चालायचं. तिनं आप्पांचा तो इंग्रजी सारांश वाचला. "आई, धिस इज ॲक्चुअली रिअली गुड. ही वॉज लाइक, इनसाइड द वेल्स?" मी म्हटलं, हो, आणि दोर मी धरलेला असायचा. ती माझ्याकडे नव्यानंच बघायला लागली. मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं, कारण आप्पा तिच्यापर्यंत पोचले ते या दोन पानांपुरतेच. मागचं सगळं पुस्तक तिला कुलूपच. ते मी लावलं की या देशानं, यावर समीरचं आणि माझं अजून वाजतं.

गेल्या वर्षी आप्पा गेले. मी ऑफिसच्या ट्रेनमध्ये होते. पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं, लांब राहणाऱ्यांचं होतं तसंच. मिरज रस्त्यावर मुद्दाम जाऊन आले. विहीर बुजवलीय, वर टायरचं दुकान आहे. म्हणजे त्या विहिरीतले नेचे आता आप्पांच्या पुस्तकात आहेत तेवढेच.

मिलिंदनं पुस्तक गावच्या छापखान्यात दिलं. मी परतल्यावर त्याचा फोन आला. "ताई, ते परीक्षकांचं काय करू? आप्पांनी दोन ओळी सोडायला सांगितल्या होत्या. त्यांच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष नाव द्यायला तयार आहेत. फोटोसुद्धा देतो म्हणालेत."

"वाचणार आहेत का ते?"

"ताई, तू पण ना! छापखानावाला खोळंबलाय."

"रिकाम्या ठेव."

"बरं दिसेल का ते?"

"नाही दिसणार. ठेव."

पुस्तक आलं. हिरवं कव्हर, आकृत्या जराशा पुसट. लायब्ररीत दिलं. आमची मुख्य बाई चांगली आहे, हसून म्हणाली, भेट म्हणून घेऊ, पण मराठीची नोंद करायला आपल्याकडे माणूस नाही, रांगेत राहील. मी तिच्यासमोरच उभी होते. म्हटलं, मी आहे ना. ती म्हणाली, "तुझं काम पोलिशचं आहे." आता आप्पा माझ्या टेबलाशेजारच्या ट्रॉलीवर आहेत, दलदलीची माती आणि पाणचक्क्यांच्या मध्ये.

लोक मला विचारतात, तुझं घर आता कुठलं, सांगली की नेपरव्हिल? सांगलीत आई आहे, तिच्या डब्यात मेतकूट आहे. नेपरव्हिलमध्ये समीर आहे, इरा आहे, मॉर्गेज आहे. दोन्हीकडे माझ्या चपला आहेत. पण घर म्हणाल तर आप्पांच्या पुस्तकात सुरुवातीलाच 'परीक्षक' असा शब्द छापलाय आणि त्याच्यापुढं दोन ओळी कोऱ्या आहेत. त्या ओळींत ज्यांची नावं घालता येतील अशी दोन माणसं जिथं राहत असतील, ते माझं घर. मला ते अजून दोन्ही देशांत सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर कळवा. पीडीएफ मागू नका, पुस्तक पाठवीन. आणि कौतुक नको, चुका काढा.