रापी कोणी आणायला सांगितली?

माझा गाल कुंपणाच्या जाळीत रुतला होता. उजवा हात मागे पिरगळलेला. मास्क हनुवटीखाली. मानेवर सिक्युरिटी गार्डचा पंजा, आणि तो कानाशी ओरडत होता, "मेस! मेस!" म्हणजे डच भाषेत सुरी, सुरी. ओठ फुटला होता. रक्त गिळत होते. माझ्याच कारखान्याच्या गेटवर, सायकली लावता लावता माझेच सहकारी थांबून बघत होते.

सुरी नव्हती ती. रापी होती. चामडं कापायची, रुंद पात्याची. माझ्या बापाची. बाप मिरजेत एसटी स्टँडसमोर चपला शिवायचा. मी इथं नेदरलँड्समध्ये, आइंटहोवनला, चिप बनवायच्या मशीनवर इंजिनिअर. इकडे येताना मी ती त्याच्याकडून मागून आणली होती.

ती कंपनीत न्यायची मला काय हौस होती? लॉकडाऊन. दुकानं बंद. माझा टीम लीड श्रीरंग, पुण्याचा, शेजारच्या न्यूनेन गावात स्वतःचं घर. त्याच्या चामडी बॅगेचा पट्टा तुटला. माझी जात त्यानं आडनावावरून पहिल्याच आठवड्यात काढली होती. म्हणाला, "अगं, तुझ्याकडे ती अवजारं असतील ना? तुमच्या लोकांच्या हातात उपजतच असतं ते." मला ते झोंबलं. तरी पट्टा घरी नेला, शिवला. टोक तेवढं कापायचं राहिलं. त्यावर तोच म्हणाला, "सोमवारी घेऊन ये, माझ्या खांद्यावर माप बघ आणि तिथंच काप." मी बापाची पोर. गिऱ्हाइकाच्या अंगावर माप घेतल्याशिवाय कापायचं नाही, हेच शिकलेली. रापी फडक्यात गुंडाळली आणि बॅगेत टाकली. गेटवरच्या स्कॅनरचा विचारसुद्धा मनात आला नाही.

पोलीस आला. कमरेला पिस्तूल. त्यानं शांतपणे सांगितलं. देशाच्या कायद्यात कामाचं अवजार चालतं, कारण खरं असेल तर. पण संचारबंदीवरून शहरात दंगल झाली होती, म्हणून महापौरांनी ह्या भागात झडतीचा हुकूम काढलाय. इथं पातं सापडलं की कारण जागेवर पटवून द्यायचं. आणि गेटच्या आत कंपनीचा नियम, कारण असो नसो, पातं नाही म्हणजे नाही.

"तुमच्या गेटपासचं कंपनी बघेल," तो म्हणाला. "मला एवढंच सांगा, हे कशासाठी आणलंत आणि साक्षीला कोण? नाहीतर ठाण्यात चला."

ठाण्यात म्हणजे गुन्हा. गुन्हा म्हणजे नोकरी गेली. नोकरी गेली की इथं राहायचं परमिट, आणि मग चंबूगबाळं आवरून मिरज. सगळं एका माणसाच्या एका वाक्यावर आलं होतं. मी मान वळवून ओरडले, "त्याला विचारा! त्यानंच आणायला सांगितली!"

श्रीरंग लांब उभा होता. नियम दीड मीटरचा, हा चांगला पाच मीटरवर. बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "मला काहीच कल्पना नाही. भारतात हिच्या जातीचे लोक मेलेली जनावरं सोलतात. असली पाती जवळ बाळगायची सवयच असते त्यांना."

गार्डनं माझा हात आणखी वर पिरगळला. खांद्यात कट् आवाज झाला. पण खरं सांगते, ते दुखलं नाही. अंगाची नुसती आग आग झाली होती. रापी हातात असती तर काय केलं असतं, मला ठाऊक आहे.

मग श्रीरंग जवळ आला. आता मराठीत, हळू आवाजात. "उगाच तमाशा करू नकोस. चूक झाली म्हण, ती रापी टाकून दे. मी एचआरशी बोलतो. परक्या देशात आपलीच अब्रू जाते गं."

"आपली? कोण रे आपण?" मी किंचाळले. "जनावरं सोलणाऱ्या बाईकडून बॅग शिवून घेताना विटाळ नाही झाला तुला?"

आणि पोलिसाला म्हणाले, "माझ्या बॅगेत त्याचा पट्टा आहे. त्याच्या बॅगेला लावून बघा."

पोलिसानं पट्टा काढला. श्रीरंग बॅग सोडेना. पोलिसानं हात पुढे केला तेव्हा सोडली. कडीत आकडा बसला. तोच रंग, तेच चामडं. टोक लोंबत होतं, कापायचं राहिलेलं.

"आता काही आठवतंय?" पोलिसानं विचारलं.

"कदाचित बोललो असेन," श्रीरंग म्हणाला.

गार्डनं माझा हात सोडला. माफी कुणी मागितली नाही. गुन्हा नोंदला नाही. रापी परत मिळाली, पण पास काढून घेतला. नियम म्हणे.

मी लेखी तक्रार केली. गार्डची केलीच, पण आधी श्रीरंगची. तो जे बोलला ते शब्दन् शब्द लिहून. तेव्हापासून एचआरच्या बाई व्हिडिओ कॉलवर गोड बोलतायत. जात हा तुमचा आपापसातला विषय आहे, त्याची तक्रार मागे घ्या, पास लगेच चालू करतो. श्रीरंगचा मेसेज आला, "माझी बायकोमुलं आहेत." मलाही बाप आहे.

परवा कंपनीत तक्रारीची सुनावणी आहे. माझी जात मीच सांगणार, पहिल्याच वाक्यात. मग त्याला समोर बसवा म्हणणार आणि गेटवर जे बोलला ते माझ्या डोळ्यांत बघून पुन्हा बोलायला लावणार. नोकरी जाईल तर जाऊ दे. तक्रार मागे घेणार नाही.